कापूस वेचणाऱ्या हातांना कोणते तेल?

दिवाळी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यात भल्या सकाळी बाया कापूस वेचायला निघतात. कळंब, राळेगाव, घाटंजी, मारेगाव, वणी, कोणत्याही रस्त्याने जा, कमरेला ओटी बांधलेल्या बायांच्या रांगा दिसतील. सुकलेल्या बोंडाच्या कडा सुईसारख्या असतात. दिवसभर बोटे त्यात घालायची आणि संध्याकाळी त्याच बोटांनी भाकरी थापायची, तिखट-मीठ कालवायचे. भेगेत मीठ शिरले म्हणजे काय होते, हे हा अंक वाचणाऱ्या माता-भगिनींना लिहून सांगायला नको.

या हातांना लावायला आपल्याकडे काय होते? मोहाचे तेल होते, करंजीचे होते, कडुनिंबाचे होते, एरंडीचे होते. आज ह्याच झाडांची चित्रे छापलेल्या बाटल्या आणि वड्या दुकानात चढ्या भावाने मिळतात. आपल्या घरातली लेक-सून मात्र ते तेल 'जुन्या बुड्यांचे' म्हणून नाक मुरडते. तिचाही दोष नाही. जुने तेवढे सोने असे आम्हीही म्हणत नाही. जुन्यातले काही उपयोगी, काही निरुपयोगी आणि काही चक्क घातक आहे. ते पारखून घ्यायला हवे.

स्वच्छतेचा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेबांनी आपल्या बायांना उपदेश करताना स्वच्छ राहण्याची गोष्ट आवर्जून सांगितली. विचार करा, त्या काळी सार्वजनिक विहिरीवर आपली घागर चालत नव्हती. ज्यांना पाणीच मिळू दिले नाही त्यांना घाणेरडे म्हणायचे, हा न्याय होता. तरीही आपल्या आज्या-पणज्यांनी राखेने, रिठ्याने, शिकेकाईने अंग, केस, लुगडी धुतली. रिठ्याच्या टरफलात फेस आणणारे द्रव्य असते. चुलीच्या राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा कापतो. अडाणी म्हटल्या गेलेल्या बायांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

सगळ्यात आधी मोह. फुले मार्च-एप्रिलमध्ये वेचतात. फळे पिकतात जून-जुलैच्या सुमारास. आतल्या बीला कुठे टोळी म्हणतात, कुठे टोरी. पांढरकवडा, झरी, घाटंजी या भागांतील गोंड, कोलाम, परधान बांधवांना हे झाड आपल्यापेक्षा जास्त कळते. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यात गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्यांना दिलेला आहे, हे लक्षात असू द्यावे. सोललेल्या टोळीत निम्म्याच्या आसपास तेल असते. हिवाळ्यात ते तुपासारखे थिजते, उन्हाळ्यात पातळ होते. हाताच्या भेगांना, टाचांना, ओठांना याच्याइतके बरे दुसरे नाही. कोकणात कोकमाच्या बियांचे तेल पायांच्या भेगांना लावतात. त्याच जातीचे हे काम. भांडी धुऊन झाल्यावर, हात किंचित ओले असतानाच लावावे, म्हणजे ओलावा आत राहतो. तेल कातडीला पाणी देत नाही, आहे ते उडू देत नाही, एवढेच त्याचे काम आहे.

करंजीचे तेल कडू, पिवळट-तपकिरी आणि वासाला उग्र. कडुनिंबाचे त्याहून उग्र. खाजेवर, डोक्यातल्या उवांवर, जनावरांच्या गोचिडांवर ही दोन्ही पूर्वीपासून वापरात आहेत. लावायची ती थोडी, दुसऱ्या तेलात मिसळून. मात्र एक गोष्ट ठळक सांगतो. कडुनिंबाचे तेल लहान मुलाला थेंबभरही पाजू नये. १९८१ साली मलेशियातील डॉक्टरांनी हे तेल पाजलेल्या बाळांची हकीकत प्रसिद्ध केली होती. बाळांना उलट्या, झटके आले, काही दगावली. झाड गुणकारी आहे म्हणून त्याचे सगळेच पोटात चालते असे नाही.

एरंडीचे तेल चिकट. टाचेला रात्री लावून वर जुने फडके बांधावे. जवसाचे तेल चटणीत उत्तम, पण लवकर खवट होते, अंगाला लावायला साठवू नये.

आता बिबा. टाचेच्या भेगेत, काटा मोडलेल्या जागी बिब्याचा चटका द्यायची रीत आपल्या भागात घरोघर होती. बिब्याचे तेल कातडी जाळते. कोणाला ते सोसते, कोणाला नाही. आणि ज्याला सोसत नाही त्याला नुसत्या हाताळण्यानेही उतते. तोंड सुजते, फोड येतात, पाणी वाहते. या लेखकाच्या लहानपणी शेजारच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत बिबा उतल्याचे पाहिले आहे; ते तोंड अजून डोळ्यांपुढून जात नाही. आंबा, काजूच्या टरफलाचे तेल आणि बिबा ही एकाच कुळातली. धोबी कपड्यावर खूण करायला बिब्याचा रस वापरीत, कारण तो डाग धुऊन जात नाही. जो डाग कापडावरून जात नाही तो कातडीवर का घालायचा? बिबा सोडून द्या, मग तो कोणत्याही वैदूने सांगितलेला असो.

हळदीची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांच्या शोधाला, हळदीने जखम भरून येते या शोधाला, पेटंट मिळाले! आपल्या देशातील सीएसआयआर या संस्थेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. पण कशाच्या जोरावर? जुने ग्रंथ आणि छापील लेख दाखवल्यावर. तिथल्या कायद्यात परदेशातल्या बाईच्या तोंडचे ज्ञान पुरावा धरले जात नव्हते, कागद लागला. तेव्हा आजीला विचारून वहीत उतरवून ठेवण्याचे काम शाळेत जाणाऱ्या नातवंडांना अवश्य द्यावे.

जिथे तेल चालणार नाही त्या जागाही ओळखाव्या. खरूज घरात एकाला झाली तर औषध सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावे लागते, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यातून काढावे लागते. गजकर्णावर दुकानातून कोणतीही ट्यूब आणून चोळू नये. त्यातल्या स्टिरॉइडने आधी बरे वाटते, मग चट्टे अंगभर पसरतात. आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर टोचले तरी कळत नसेल, तर ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्यावर करंज चोळत वर्ष घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते आणि वेळेत घेतले तर हातापायांना व्यंग येत नाही.

गोरे होण्याच्या क्रीमबद्दल दोन शब्द. काळ्या मातीत राबणाऱ्याच्या लेकीने काळे असण्याची लाज बाळगावी, ही शिकवण कोणाची, ते सुज्ञांस सांगणे न लगे. पण हा केवळ मानाचा प्रश्न नाही. २०२३ साली अकोल्यातील एका घरातल्या तीन स्त्रियांची बातमी आली होती. त्यांनी गोरेपणासाठी स्थानिक क्रीम लावली आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. पाऱ्याला वास नाही, डब्यावर त्याचे नाव नाही.

आता साबणाकडे वळू, आणि इथे प्रश्न जिवाचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. शेकडो जण दवाखान्यात गेले, कित्येकांची नजर अधू झाली. माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत फवारा अंगावरच येत होता. औषध केवळ नाकातोंडातून जात नाही, कातडीतून जाते. यातली बरीच औषधे तेलात विरघळणारी असतात. म्हणून फवारणीला जाण्याआधी अंगाला तेल चोपडू नये. आल्याबरोबर, चहाच्या आधी, भरपूर पाणी आणि साबणाने डोक्यापासून नखांपर्यंत धुवावे. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. म्हणून नुसत्या पाण्याने जे निघत नाही ते साबणाने निघते. ते कपडे पोराबाळांच्या कपड्यांत मिसळू नयेत. चक्कर, मळमळ, लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साबणाच्या भरवशावर थांबू नये. औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

असा साबण घरी करता येतो. पाचशे ग्रॅम तेल घ्यावे: ३०० ग्रॅम मोहाचे, १५० ग्रॅम खोबरेल, ५० ग्रॅम कडुनिंबाचे. मोहामुळे साबण कातडीला मऊ लागतो. खोबरेलामुळे तो कडक होतो आणि फेस येतो. बोअरच्या जड पाण्यात इतर तेलांच्या साबणाला फेसच धरत नाही. याला ७० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १६० ग्रॅम पाणी. धुण्याचा किंवा खाण्याचा सोडा नव्हे. माप डोळ्यांनी नाही, काट्यावर तोलून. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा उत्तम. सोडा जास्त झाला तर साबण हात जाळील.

कॉस्टिक म्हणजे आग समजावी. पोरे घराबाहेर, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. पाण्यात सोडा हळूहळू टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे. जर्मनचे भांडे मुळीच चालणार नाही, कॉस्टिक ते खाऊन टाकते आणि पेट घेणारा वायू सुटतो. आपल्या घरात तीच भांडी जास्त, म्हणून हे दोनदा वाचावे. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावे.

सोड्याचे पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाल्यावर तेलात ते धार धरून ओतावे आणि लाकडी चाटूने हलवत राहावे. हाताने हलवले तर तासभरही लागतो. पिठल्यासारखे दाट झाले, चाटूची रेघ वर दिसू लागली की प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या खोक्यात ओतावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजे घालून वड्या कापाव्या आणि सावलीत, वाऱ्यावर सहा आठवडे ठेवाव्या. तोवर वापरू नये. सोडा पूर्ण मुरायला आणि पाणी उडायला तेवढा वेळ लागतोच. बहुतेक कारखान्यांत साबणातले ग्लिसरीन वेगळे काढून घेतात. घरच्या वडीत ते राहते, म्हणून हात कोरडे पडत नाहीत. मात्र या वडीने रोग बरा होतो असे कोणी सांगू लागले तर ऐकू नये. कडुनिंबाच्या तेलाचा बहुतेक भाग एकदा साबण झाला की त्याच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नये.

एखाद्या बचत गटाला हा साबण विकावासा वाटेल. साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो, तेव्हा विक्रीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना काढावा लागतो. तो नसताना बाजारात बसू नये. घरापुरता करायला परवाना लागत नाही. जूनअखेरीस टोळी गोळा केली, वाळवून-फोडून जुलैत घाणीवर तेल काढले आणि ऑगस्टमध्ये साबण केला, तर दसऱ्याच्या सुमारास वड्या मुरून तयार होतात आणि कापूस फुटायच्या वेळी हाताशी असतात.