वाटणी पैलवानांची

आमच्या चिरंजीवांना टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचे भारी वेड. "बाबा, निकाल आधीच ठरलेला असतो, हे मला ठाऊक आहे," असे वर मलाच ऐकवतात. निकाल ठरलेला, तरी पाहावेसे वाटते, म्हणजे हे नाटकच झाले; आणि नाटक म्हटले की मराठीच्या प्राध्यापकाला तोंड घालण्याचा अधिकार आपोआप पोचतो!

हकीकत अशी. आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणवणाऱ्या कंपनीने २००१ साली डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. घरात पैलवान मावेनात, म्हणून २००२ साली वाटणी झाली. काही 'रॉ'कडे गेले, काही 'स्मॅकडाउन'कडे. एकत्र कुटुंबात थोरल्यांपुढे धाकट्याचा आवाज ऐकू येत नाही. चूल वेगळी झाली की त्यालाही तवा मिळतो. २००७ साली एज जखमी होऊन पट्टा मोकळा पडला, तेव्हा तो मिळवून हिमाचलचा खली जगज्जेता झाला, तो 'स्मॅकडाउन'च्याच बिऱ्हाडात.

पण भिंत घातली, ती पाळली कोणी? शेजारी येऊ-जाऊ लागले आणि २०११ साली ती पडलीच. २०१६ साली पुन्हा बांधली. २०१९ साली तीत 'वाइल्ड कार्ड' नावाची खिडकी पाडली. २०२२ साली रोमन रेन्सने दोन्ही घरचे मुख्य पट्टे एकट्याच्याच कमरेला बांधले. शेवटी २०२३ साली नवा पट्टा घडवावा लागला!

माझे म्हणणे साधे आहे. वाटणी वर्षातून एकदाच, रेसलमेनियानंतर व्हावी. मग वर्षभर कोणी उंबरठा ओलांडू नये. मोठे सामने थोडे ठेवून दोन्ही घरांनी पाळीपाळीने करावेत. पाडाव ठरलेला असला, तरी पाठ खरीच आपटते. एका घराची पाळी असताना दुसऱ्या घरच्या पाठींना विसावा मिळेल. दोन्ही घरांची गाठ पडावी ती तीस मल्लांच्या रॉयल रंबलमध्ये आणि रेसलमेनियात.

दुर्मीळतेची किंमत आम्हां मराठी माणसांना कोणी शिकवायला नको. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन वेगळ्या कंपन्यांचे नट. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ साली ते 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहिले. शंभर वर्षे उलटली, तरी त्या प्रयोगाची गोष्ट घरोघर सांगतात. तोच दर सोमवारी लागला असता तर?

चिरंजीवांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. माझ्या तासाला इतके लक्ष वर्गात कोणी दिल्याचे मला स्मरत नाही.