मायकेल चेकॉव्ह : नट आणि नाट्यशिक्षक

मॉस्को आर्ट थिएटरच्या वर्गांत स्टानिस्लाव्हस्की एकदां विद्यार्थ्यांकडून स्मरणाचा अभ्यास करून घेत होते. आयुष्यांतील एखादा खरा प्रसंग आठवावयाचा आणि ती भावना पुन्हा जागी करावयाची. एका तरुण नटानें आपल्या वडिलांची अंत्ययात्रा इतक्या उत्कटतेनें उभी केली कीं गुरूंनीं त्याला मिठीच मारली. पुढें कळलें कीं वडील जिवंत आहेत! ही हकीकत नाट्यजगतांत नेहमीं सांगितली जाते, आणि त्या तरुणाची कल्पनाशक्ति फाजील आहे असा शेराही त्याला मिळाला म्हणतात. हा तरुण म्हणजे प्रसिद्ध नाटककार अंतोन चेकॉव्ह यांचा पुतण्या, मायकेल चेकॉव्ह.

१८९१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें त्याचा जन्म झाला व १९१२ सालीं तो मॉस्को आर्ट थिएटरमध्यें आला. १९२१ हें त्याच्या नटजीवनांतील भाग्याचें वर्ष. त्याच वर्षीं त्यानें स्ट्रिंडबर्गचा वेडसर राजा एरिक आणि गोगोलचा थापाड्या ख्लेस्ताकॉव्ह अशा दोन अगदीं भिन्न भूमिका गाजविल्या. १९२४ मध्यें तो हॅम्लेट झाला. परंतु या यशाच्या आधीं, क्रांतीच्या सुमारास, मनोविकारानें व मद्यपानानें त्याला इतकें ग्रासलें होतें कीं रंगभूमीवर पाऊल टाकणेंही अशक्य झालें. त्या काळांतच त्यानें आपल्या राहत्या घरीं थोडे विद्यार्थी जमवून शिकविण्यास आरंभ केला. त्याच्यांतील शिक्षक असा संकटांतून जन्मला.

त्याची शिकवण काय होती? नटानें स्वतःच्या जुन्या जखमा उकरून काढूं नयेत, कल्पनेंत पात्र डोळ्यांपुढें उभें करावें, त्याला प्रश्न विचारावे आणि तें कसें वागतें हें पाहावें, असें तो सांगे. गुरूशीं त्याचा खरा मतभेद येथेंच होता. त्याचा दुसरा शोध म्हणजे ‘मानसिक मुद्रा’. पात्राची मूळ इच्छा एकाच सर्वांगी हालचालींत पकडावयाची. समजा, कृपण मनुष्य रंगवावयाचा आहे. तर दोन्ही हात लांबवून सारें जग ओढून छातीशीं घट्ट आवळावें, आणि हें पुनःपुन्हा, पूर्ण जोरानें करावें. ही मुद्रा प्रेक्षकांना दाखवावयाची नसते. प्रयोगाच्या वेळीं नट स्वस्थ खुर्चीवर बसलेला असला तरी ती आवळण्याची ओढ त्याच्या आवाजांत व नजरेंत उतरते. शरीराकडून मनाकडे जाणारा हा मार्ग भावनेची मनधरणी करीत बसण्यापेक्षां खात्रीचा आहे, हें कोणाही हौशी नटाला करून पाहतां येईल.

रुडॉल्फ स्टायनरच्या अध्यात्मविचारांकडे त्याचा ओढा होता. सोव्हिएट अधिकाऱ्यांना तो रुचला नाहीं आणि १९२८ सालीं त्याला देश सोडावा लागला. बर्लिन, पॅरिस, रीगा असा प्रवास करीत १९३५ मध्यें तो न्यूयॉर्कला पोहोंचला. तेथें बीअट्रिस स्ट्रेट या तरुण मुलीनें त्याचें काम पाहिलें, आणि तिच्या आग्रहावरून तिची आई व सावत्र वडील लेनर्ड एल्महर्स्ट यांनीं १९३६ मध्यें इंग्लंडांतील डार्टिंग्टन येथें त्याला नाट्यशाळा काढून दिली. हे एल्महर्स्ट म्हणजे १९२२ सालीं रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनाचा पाया घालणारे कृषितज्ज्ञ. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या कलाकेंद्रालाही याच दांपत्याचा द्रव्याधार लाभला.

युद्धाची छाया पडतांच शाळा अमेरिकेंत, कनेक्टिकटमधील रिजफील्ड गांवीं गेली. १९३९ मध्यें डोस्टोव्हस्कीच्या कादंबरीवरून ब्रॉडवेवर केलेलें नाटक फार दिवस चाललें नाहीं. पुढें तरुण विद्यार्थी सैन्यांत गेले आणि १९४२ सालीं शाळेला कुलूप लागलें. मग हॉलिवुड. हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’ (१९४५) मधील वृद्ध मानसशास्त्रज्ञाच्या भूमिकेबद्दल ऑस्करसाठीं त्याचें नांव सुचविलें गेलें. पण त्याचें मन शिकविण्यांतच होतें. अँथनी क्विन, मॅरिलिन मन्रो हीं त्याचींच शिष्यमंडळी. ‘टू दि अॅक्टर’ हा त्याचा ग्रंथ १९५३ मध्यें निघाला आणि ३० सप्टेंबर १९५५ रोजीं तो वारला.

त्याला डार्टिंग्टनला बोलावून आणणारी बीअट्रिस पुढें स्वतः नामवंत नटी झाली. ‘नेटवर्क’ (१९७६) या चित्रपटांत ती जेमतेम पांचसहा मिनिटें दिसते; तेवढ्या कामाबद्दल तिला ऑस्कर पारितोषिक मिळालें.