झिजणारं नवं, न झिजणारं जुनं: ५६ हजारांत दुकानाचा सर्व्हर घरी कसा उभा केला

मागच्या व्हिडिओत माझ्या मागे काळा कॅबिनेट दिसला आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, हे काय आहे?" तो माझा सर्व्हर. कुठल्या तरी ऑफिसने वापरून काढून टाकलेल्या मशीनवर उभा केलेला. पण आधी तो का घ्यावा लागला ते सांगतो, कारण खरा धडा तिथे आहे.

एक डिस्क गेली, सोबत एक गिऱ्हाईक गेलं

चिंचवडगावात माझं लेबल आणि स्टिकर छापायचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर घर. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना पार्टवर लावायचे बारकोड स्टिकर, बॉक्सवरची लेबलं लागतात, ते आमचं मुख्य काम. सगळ्या डिझाइन फाइल आणि टॅली एकाच डेस्कटॉपवर. बॅकअप म्हणजे एक पेनड्राइव्ह, तोही आठवण झाली तर.

एका सोमवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर डिस्कमधून टकटक आवाज. संपलं. डेटा रिकव्हरीवाल्याकडून निम्म्या फाइल परत आल्या, पण नावं गेलेली. हजारो फाइल आणि कुठली कोणाची ते उघडल्याशिवाय कळेना. त्याच आठवड्यात भोसरीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला चाकणला माल पाठवायचा होता. त्याचं लेबल नव्याने बनवून, प्रूफ पास करून घेईपर्यंत पाच दिवस गेले. त्याने तोवर दुसरीकडे छापून घेतलं. भांडला नाही, काही नाही. फक्त परत आला नाही. त्या महिन्यात कामावरच्या दोन्ही मुलांचे पगार मी दहा दिवस उशिरा दिले.

बीबीएला कॉस्ट-बेनिफिटचं गणित शिकलो होतो. ते स्वतःच्या दुकानाला लावायला मला डिस्क जाण्याची वाट बघावी लागली!

आधी विचारा: मला खरंच लागतो का?

तुमचा सगळा डेटा १५ जीबीच्या आत असेल, तर गुगल ड्राइव्हच्या फुकट जागेत बसतो. सर्व्हरचा नाद करू नका. माझ्या डिझाइन फाइल दीड टीबीच्या वर होत्या, रोज वाढत होत्या आणि तीन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी उघडाव्या लागत होत्या. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. "डिस्क उडाली साहेब" हे उत्तर तिथे चालत नाही.

जुना माल इतका स्वस्त का मिळतो?

खराब असतो म्हणून नाही, हे आधी डोक्यातून काढा. कंपनी कायद्याच्या शेड्यूल २ मध्ये सर्व्हरचं उपयुक्त आयुष्य ६ वर्षं आणि डेस्कटॉप-लॅपटॉपचं ३ वर्षं धरलंय. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे वहीत मशीनची किंमत भराभर खाली येते, वॉरंटी संपते आणि हिंजवडी-तळवड्याच्या ऑफिसांतून चालू माल लॉटने बाहेर पडतो. मशीन चालतंय, फक्त वहीत म्हातारं झालंय.

घेताना दोन गोष्टी मागा. एक, सीरियल नंबर टाकलेलं जीएसटी बिल. दोन, टेस्टिंग वॉरंटी, निदान महिन्याची. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुना माल दुरुस्त करून विकणाऱ्या रिफर्बिशरलाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

माझी पहिली चूक: रॅक सर्व्हर

पहिल्यांदा हौसेने १८ हजारांचा रॅक सर्व्हर उचलला. दोन प्रोसेसर, सोबत चार जुन्या सास डिस्क. चालू केला आणि वडील खालच्या दुकानातून वर आले, "मिक्सर कोणी लावलाय?" अशा मशीनचे छोटे पंखे थंडगार सर्व्हर रूमसाठी बनवलेले असतात, घरासाठी नाही.

वीज मोजायचा मीटर लावला, तर १९० वॅट. गणित करा: १९० वॅट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला साडेचार युनिटच्या वर, महिन्याला साधारण १३७ युनिट. तुमच्या बिलातला युनिटचा दर त्याला लावून बघा, स्वस्त मशीन किती महाग पडतं ते कळेल. तिसऱ्या आठवड्यात चारपैकी एक डिस्कही गेली. पाच हजारांचा तोटा सोसून विकून टाकला.

मशीन मोठी की काम मोठं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. आपल्या पुण्यात सी-डॅकची गोष्ट बघा. अमेरिकेकडून सुपरकॉम्प्युटर मिळेना, तेव्हा डॉ. विजय भटकरांच्या टीमने बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिप एकमेकींना जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. काय काम करायचंय ते आधी ठरवलं, मग हाताशी असलेल्या पार्टमधून मशीन जमवलं. आपलं काम त्याच्यापुढे मुंगीएवढं, पण पद्धत तीच.

दुसरा प्रयत्न: टॉवर वर्कस्टेशन

या वेळी एचपीचं झेड ४४० घेतलं. ही इंजिनिअर लोकांच्या टेबलाखाली राहायची मशीन, त्यामुळे आवाज कमी. आत सहा कोअरचा झिऑन ई५-१६५० व्ही३ आणि ३२ जीबी ईसीसी रॅम. ईसीसी म्हणजे मेमरीत एखादा बिट चुकला, तर जागेवर दुरुस्त करणारी रॅम. खर्च असा आला:

- वर्कस्टेशन, जुनं: २१,००० रुपये
- ४ टीबीच्या दोन डिस्क, नव्या: १९,००० रुपये
- सिस्टिमसाठी २५६ जीबी एसएसडी, नवी: १,८०० रुपये
- यूपीएस, नवा: ५,२०० रुपये
- ४ टीबीची बाहेरची डिस्क, नवी: ९,००० रुपये

एकूण ५६,००० रुपये. भाव खालीवर होतात, विशेषतः रॅम आणि डिस्कचे. पण यादीतला नियम बघा: झिजणारं नवं, न झिजणारं जुनं. प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड जुने चालतात. फिरणारी डिस्क आणि यूपीएसची बॅटरी झिजते, तिथे पैसे वाचवू नका. यूपीएस तर हवाच. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, हे आपल्या भागात नवीन सांगायला नको!

आता हा सर्व्हर ८५ वॅट घेतो, महिन्याला ६१ युनिट. रॅकवाल्याच्या निम्म्याहून कमी.

घेताना पोरं कुठे फसतात

रॅम: सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम घरच्या साध्या मदरबोर्डवर चालत नाही. माझ्या रॅक सर्व्हरची रॅम डीडीआर३ होती, झेड ४४० ला डीडीआर४ लागते, म्हणून तीही वाया. मॉडेल नंबर टाकून आधी बघा, मग पैसे द्या.

डिस्क: सास डिस्क साध्या साटा पोर्टला लागत नाही, वेगळं कार्ड लागतं. जुनी डिस्क घ्यायचीच असेल, तर विकणाऱ्यासमोर स्मार्ट रिपोर्ट काढा. वर्षाचे तास ८,७६०. रिपोर्टमध्ये ४०,००० तास दिसले, तर ती साडेचार वर्षं अखंड फिरलेली आहे. रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर असतील, तर सरळ उठा आणि चहा प्यायला जा.

ग्राफिक्स: या झिऑन प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. स्क्रीनवर काही दिसायला साधंसं कार्ड लागतं.

पॉवर सप्लाय: अशा ब्रँडेड मशीनला दुकानात मिळणारा नेहमीचा पॉवर सप्लाय बसत नाही. त्याच मॉडेलचा कुठे मिळतो, हे आधीच विचारून ठेवा.

सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे

हे वाक्य दुकानात भिंतीवर लिहा. माझ्याकडे ट्रूनॅस ही फुकट मिळणारी सिस्टिम आहे. दोन्ही डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, एक गेली तरी काम थांबत नाही. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते!

हे झालंही. आमच्या डिझायनर पोराने एका गिऱ्हाइकाचं अख्खं फोल्डर उडवलं. घाम फुटलेला चेहरा घेऊन आला. दर तासाला फाइलींचं स्नॅपशॉट घ्यायची सोय मी ट्रूनॅसमध्ये लावून ठेवली होती. तासाभरापूर्वीचं उघडलं, फोल्डर चार मिनिटांत परत. पहिल्या वेळी पाच दिवस आणि एक गिऱ्हाईक गेलं होतं. ५६ हजार त्या दिवशी वसूल झाले, असं मी मानतो.

आणि चोरी, आग, पाणी यांना स्नॅपशॉटही पुरत नाही. म्हणून ती बाहेरची डिस्क. आठवड्यातून एकदा कॉपी घेतो आणि बहिणीच्या घरी आकुर्डीला ठेवतो. बाहेरगावाहून फाइल बघायला मी टेलस्केल वापरतो. राउटरचे पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर टांगू नका.

तुमच्यासाठी गृहपाठ

काहीही विकत घेण्याआधी एक कागद घ्या. दुकानाचा कॉम्प्युटर उद्या सकाळी चालू झाला नाही, तर रोज किती रुपयांचं काम थांबेल ते लिहा. त्याला पाचने गुणा, माझे तेवढे दिवस गेले होते. समोर येईल तो आकडा तुमचं बजेट ठरवेल. आकडा दोन हजार आला, तर एक बाहेरची डिस्क पुरे. साठ हजार आला, तर या लेखातली यादी काढा.

आणि ज्यांच्याकडे बॅकअप आहे, त्यांनी या गुरुवारी त्यातली एक फाइल उघडून बघा. मी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी उघडतो. उघडली, तरच तो बॅकअप.