मुलाच्या डोक्याला मार लागतो तेव्हा

मूल पडले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘रक्त आले का?’ हा. नाही असे कळले, की सारी मंडळी निर्धास्त होतात. श्रोतेहो, हा प्रश्न अगदीच अपुरा आहे. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट. लहानशी खोक पडली तरी सदरा भिजतो, आणि आत मात्र काही बिघडलेले नसते. उलट कवटीच्या आतला रक्तस्राव बाहेर एक थेंबही दाखवीत नाही.

कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते व त्याच्या आतल्या अंगाने एक रोहिणी जाते. हाड तडकले तर ती फाटते, आणि हाड व मेंदूचे वेष्टन यांच्यामध्ये रक्त साचू लागते. कवटी ही बंद पेटी. तिच्यात जादा जागा कोठली? मेंदू दाबला जातो. पण साचायला वेळ लागतो. म्हणून आंब्यावरून पडलेला मुलगा क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, बोलतो, चार घास खातोही. आणि काही तासांनी डोके दुखते म्हणून आडवा होतो, तो हाकेला ओ देईनासा होतो. मधला हा बरा वाटणारा काळच फसवा. वेळीच शस्त्रक्रिया झाली तर असा मुलगा पुष्कळदा पूर्ववत् हिंडू लागतो.

तेव्हा शुद्ध हरपली, मग ती क्षणभर का असेना, तर इस्पितळ गाठावे. पुन्हा पुन्हा उलटी, झटका, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, तोल जाणे, लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. तान्ह्या मुलाची टाळू फुगणे, त्याने दूध न ओढणे, हेही तसेच. कपाळावरच्या टेंगळापेक्षा बाजूचे वा मागचे मऊ टेंगूळ तान्ह्यात अधिक काळजीचे. ते चोळून बसवू नये!

उंचीही विचारात घ्यावी. अमेरिकेतील सुमारे ४२,००० मुलांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत दोन वर्षांखालील मुलाला तीन फुटांवरून व मोठ्याला पाच फुटांवरून पडणे धोक्याचे धरले आहे. प्रत्येक मुलाचा सी. टी. स्कॅन नको, हेही तिने दाखविले. त्यात क्ष-किरण असतात. तेव्हा डॉक्टर ‘नको, लक्ष ठेवू’ म्हणाले तर ती हयगय समजू नये.

मग झोपू द्यावे का? तपासून घरी पाठविलेले मूल नेहमीच्या वेळी झोपले तर झोपू द्यावे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रात्री मधूनमधून हाक मारावी. कुरकुरले, आईला ओळखले, एवढे पुरे. जागेच होत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर मान हलू देऊ नये. उलटी झाली तर डोके, मान व धड एकदमच कुशीवर वळवावे. तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. खोकेवर हळद न भरता स्वच्छ फडके दाबून धरावे. मात्र हाड खचल्यासारखे वाटले तर तेथे दाब देऊ नये.

आणि पडताना ज्याने पाहिले त्याला बरोबर न्यावे. किती वाजता, कोठून, कशावर पडले, लगेच रडले का, हे डॉक्टर विचारणारच. बहुधा पाहणारा असतो तो दुसरा मुलगाच, आणि मार बसेल या भीतीने तो गप्प असतो. त्याला त्या दिवशी रागावू नये.