विश्लेषण : मटकी, भिंग आणि गढूळ पाणी… विद्यापीठाचे विद्यार्थी कबनूरच्या प्राथमिक वर्गात काय देऊ शकतात?

बी रुजणे, डासाचे जीवनचक्र, दूषित पाण्याने होणारे आजार हे सारे ‘परिसर अभ्यास’च्या पुस्तकात असते. शाळेच्या भिंतीपलीकडेही असते. दोन्हींची गाठ मात्र क्वचितच पडते. ती घालून देण्यासाठी जीवशास्त्राचे महाविद्यालयीन विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून प्राथमिक शाळांत जाऊ शकतात. अशा कार्यशाळेत काय असावे, ती कुठे फसते आणि कबनूरसारख्या गावात तिचे मोल काय, याविषयी…

कबनूरसाठी हा विषय का महत्त्वाचा?

कबनूर हे हातकणंगले तालुक्यातील, इचलकरंजीला खेटून असलेले मोठे गाव. शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते हे नवख्याला कळत नाही. यंत्रमागाचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न या पट्ट्याला वर्षानुवर्षे छळतो आहे. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ‘हिपॅटायटिस ई’ या विषाणूची ही साथ पिण्याच्या पाण्यावाटे पसरली, हजारो लोक आजारी पडले आणि काहींचे प्राण गेले. आज प्राथमिक वर्गात बसलेली मुले त्या साथीनंतर जन्मली आहेत. ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना त्यांनी घरी, शाळेत आणि दवंडीच्या रिक्षावर ऐकलेली असते. उकळल्याने नेमके काय होते, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेले नसते. कारण न कळता पाळलेली सूचना साथ ओसरली की विसरली जाते. म्हणून जीवशास्त्राची कार्यशाळा ही इथे हौस नाही, आरोग्याचा पाया आहे.

कार्यशाळेत मुले नेमके काय करतात?

सुरुवात मटकीपासून करता येते. मिसळीच्या या मुलुखात मोड आलेली मटकी प्रत्येक मुलाने पाहिलेली असते, म्हणूनच ती उत्तम. चार-पाच मुलांच्या गटाला पाच वाट्या द्यायच्या. पहिलीत कोरडी मटकी, दुसरीत ओल्या फडक्यात बांधलेली, तिसरीत तशीच बांधून बंद डब्याच्या अंधारात ठेवलेली, चौथीत पाण्यात पूर्ण बुडवलेली आणि पाचवीत उकडून मग ओल्या फडक्यात बांधलेली. कोणत्या वाटीत मोड येतील, याचा अंदाज प्रत्येक गटाने आधी वहीत लिहायचा. हा अंदाज लिहिणे हाच प्रयोगाचा गाभा आहे.

रुजायला ऊन लागते, असे अनेक मुले ठामपणे सांगतात. दोन-तीन दिवसांनी अंधारातल्या मटकीलाही मोड दिसतात आणि तो समज मुले स्वतःच खोडतात. बुडवलेली मटकी फुगते, पण हवा न मिळाल्याने तिला नीट मोड येत नाहीत आणि पाण्याला वास येऊ लागतो. उकडलेली मटकी फडक्यात कितीही दिवस राहिली तरी रुजत नाही. ती आतून मेलेली आहे. ‘उकळल्याने जीव मरतो’ हे वाक्य तेव्हा पाठ करावे लागत नाही. तेथून पिण्याच्या पाण्याकडे जाणारी वाट सरळ आहे.

सूक्ष्मदर्शक नसेल तर?

इचलकरंजी-कबनूरच्या पट्ट्यात भिंगाची उणीव नाही. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, म्हणजे ‘पिक’ किती, हे मोजायला कापड व्यापाऱ्याकडे छोटे घडीचे भिंग असते. मजुरीचा आणि कापडाच्या दर्जाचा हिशेब या पिकांवरच चालतो. हेच भिंग मुंगीचे पाय, पानाच्या शिरा आणि भाकरीवरची बुरशी दाखवू शकते.

याला जुना आधारही आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरातील अँटनी व्हॅन लिवेनहॉक (१६३२–१७२३) हा व्यवसायाने कापड व्यापारी. कापड तपासायला त्या काळी व्यापारी भिंग वापरत. त्याने स्वतः घासलेल्या बारीक भिंगांतून तळ्याच्या पाण्याचे थेंब पाहिले आणि १६७०च्या दशकात सूक्ष्मजीवांची वर्णने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांतून कळवली. तो कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. आई किंवा वडील मागावर काम करतात अशा मुलाला ही गोष्ट सांगितली, तर विज्ञान परक्याचे वाटणार नाही.

याहून जास्त मोठे करून पाहायचे असेल तर ‘फोल्डस्कोप’ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला, कागदाच्या घड्या घालून जोडायचा हा सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. त्याचा आराखडा २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही त्याच्या वापरासाठी कार्यक्रम राबवला. त्यातून कांद्याच्या पातीचा पातळ पापुद्रा पाहिला की पेशींच्या विटांसारख्या रांगा दिसतात, आणि डबक्याच्या थेंबात पळणारे जीवही.

जे दिसतच नाही, ते कसे शिकवायचे?

इथे स्वयंसेवकाने प्रामाणिक राहायला हवे. काविळीचा विषाणू मिलिमीटरच्या सुमारे तीस हजाराव्या भागाएवढा असतो. तो फोल्डस्कोपमधून तर नाहीच, महाविद्यालयातील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. डबक्याच्या पाण्यातील वळवळणारा जीव दाखवून ‘हा बघा काविळीचा जंतू’ म्हणणे सोपे, पण ते खोटे आहे.

त्याऐवजी ‘स्वच्छ दिसणे’ आणि ‘सुरक्षित असणे’ यातला फरक दाखवता येतो. दोन पेल्यांत सारखेच नितळ पाणी घ्यायचे, एकात आधीच मीठ विरघळवायचे. कोणत्या पाण्यात काही मिसळले आहे, हे नुसते पाहून ओळखा, असे विचारायचे. चाखायचे नाही, हा नियम. मग दोन्ही पाणी ताटल्यांत उन्हात ठेवायचे. पाणी आटल्यावर एका ताटलीत ठळक पांढरा थर उरतो. नितळ पाण्यातही काही दडलेले असू शकते, ही गोष्ट मुलांच्या डोळ्यांसमोर येते. उकडलेल्या मटकीचा धागा इथे पुन्हा जोडायचा. विषाणू हा मटकीसारखा सजीव नाही, पण उकळत्या पाण्याच्या उष्णतेने तोही निकामी होतो.

डासाचे उदाहरण तर दारातलेच. अळ्या असलेले पाणी पारदर्शक बाटलीत घेऊन तोंडाला जाळीचे कापड घट्ट बांधायचे. श्वासासाठी अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात, हे मुले मोजून नोंदवतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, हे समजले की आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ का पाळायचा, याचे गणित मुलेच मांडतात. निरीक्षण संपल्यावर ते पाणी कोरड्या जमिनीवर ओतून टाकायचे.

असे प्रयत्न पूर्वी कुठे झाले?

देशातील सर्वांत गाजलेले उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबादचे. १९७२मध्ये ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी तिथल्या १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यासाठी गावांत येऊन राहिले. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तर देणारा ‘सवालीराम’ हे काल्पनिक पात्रही तिथलेच. १९७८मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला आणि १९८२मध्ये त्यातून ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. राज्य सरकारने २००२मध्ये तो बंद केला. पण प्रयोग खेड्यातल्या साध्या शाळेत, साध्या सामानात होऊ शकतात, हे तोवर सिद्ध झाले होते.

महाराष्ट्रात १९७४मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुंबईच्या महापालिका शाळांतील मुलांसोबत काम केले. मुलांना विज्ञान अवघड जात नाही, पुस्तकाची भाषा अवघड जाते, हा त्यातला एक महत्त्वाचा धडा होता.

फ्रान्समध्ये नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांनी १९९६मध्ये प्राथमिक शाळांसाठी जो उपक्रम सुरू केला, त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘कणकेत हात’ असा होतो. तिथे विज्ञानाचे विद्यापीठीय विद्यार्थी वर्गात येतात, पण ते शिक्षकाची जागा घेत नाहीत. ते शिक्षकाच्या सोबतीला असतात. वर्ग शिक्षकाचाच राहतो.

विद्यापीठाचे विद्यार्थीच का?

पहिले कारण ओळखीचे. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने ४,८०७ मुलांनी काढलेली ‘शास्त्रज्ञा’ची चित्रे १९८३मध्ये अभ्यासली. वरच्या इयत्तांत पांढरा कोट, चष्मा आणि दाढी यांचे प्रमाण वाढत गेलेले दिसले. स्त्री शास्त्रज्ञ अवघ्या २८ चित्रांत होती आणि ती सर्व चित्रे मुलींनी काढलेली होती. ते अभ्यास परदेशातले, पण पुस्तकातला शास्त्रज्ञ आपल्याकडेही तसाच भेटतो. शेजारच्या गावातून एसटीने येणारी, आपल्याच बोलीत बोलणारी, बीएस्सी करणारी ताई वर्गात भिंग हातात धरते, तेव्हा ते चित्र बदलण्याची शक्यता निर्माण होते.

दुसरे कारण व्यवस्थेचे. १९६२मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे आवार कबनूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. तिथे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. संलग्न महाविद्यालये तर याहून जवळ आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास सेवेचे भरायचे असतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंपर्क प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. शाळांच्या बाजूने राज्याच्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात वेळ मिळू शकतो, तर केंद्राच्या ‘विद्यांजली’ योजनेत स्वयंसेवकांना शाळेशी जोडून घेण्याची सोय आहे. म्हणजे नवी योजना काढण्याची गरज नाही, असलेल्यांची सांगड घालायची आहे.

कार्यशाळा फसते कुठे?

सर्वांत मोठा धोका एकाच भेटीचा. पाहुणे येतात, बॅनर लागतो, प्रयोग होतात, छायाचित्रे निघतात आणि सोमवारी वर्ग होता तिथेच असतो. दुसरा धोका प्रेक्षक होण्याचा. चाळीस मुले आणि एकच सूक्ष्मदर्शक असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला काही सेकंद येतात. त्यापेक्षा दहा साधी भिंगे बरी.

तिसरा धोका भाषेचा. ‘अंकुरण’, ‘बीजपत्र’ हे शब्द आधी फळ्यावर लिहिले की मुले शब्द उतरवतात आणि मटकीकडे पाहत नाहीत. आधी मोड, मग शब्द. यंत्रमागामुळे या भागात कर्नाटकातून आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांना घरच्या भाषेत बोलू द्यावे, चित्र काढू द्यावे. निरीक्षण कोणत्याही भाषेत खरेच असते.

चौथा धोका उत्साहाचा. लहान मुलांच्या बोटातून रक्त काढून रक्तगट दाखवणे, तीव्र रसायने वापरणे, प्राण्यांचे विच्छेदन करणे या गोष्टी प्राथमिक वर्गात नकोतच. पावाच्या तुकड्यावर बुरशी वाढवायची असेल तर पिशवी बंदच ठेवावी. ती न उघडता फेकावी आणि शेवटी सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

मग सुरुवात कशी करावी?

एक महाविद्यालय, एक शाळा आणि एक इयत्ता एवढेच ठरवून सुरुवात करावी. किमान तीन भेटी हव्यात. पहिल्या भेटीच्या आधी स्वयंसेवकांनी वर्गशिक्षकांसोबत बसून पुस्तकातला धडा निवडावा. प्रयोग आधी स्वतः करून पाहावेत, कारण कोल्हापूरच्या थंडीत मटकीला मोड यायला एक दिवस जास्तही लागतो. पहिल्या शनिवारी मुलांनी प्रयोग मांडावा, आठवडाभर नोंदी शिक्षकांनी करून घ्याव्यात आणि दुसऱ्या शनिवारी ताई-दादांनी येऊन मुलांचे ऐकावे. तिसऱ्या भेटीत मुलांनी आपल्या पालकांना प्रयोग समजावून सांगावा. शाळा व्यवस्थापन समितीला आधीच विश्वासात घेतले तर पालकही येतात. मागावरची पाळी सांभाळून वेळ ठेवावी, एवढेच.

होशंगाबादच्या सवालीरामाच्या धर्तीवर शाळेत प्रश्नांची एक पेटी ठेवता येईल. दर पंधरवड्याला ते प्रश्न महाविद्यालयात जावेत आणि लेखी उत्तरे परत यावीत. उत्तर ठाऊक नसेल तर ‘आम्ही शोधून सांगतो’ असे लिहावे. मोठ्यांनाही सगळे ठाऊक नसते, हे मुलांना त्यातून कळते.

उपक्रम जमला की नाही, हे किती शाळांना भेटी दिल्या यावरून ठरवू नये. स्वयंसेवक परत गेल्यावर शिक्षकांनी पुढच्या वर्षी तोच प्रयोग स्वतःहून लावला का, आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले तेव्हा तिसरीतल्या मुलाने घरी ‘आई, पाणी उकळलंस का?’ असे विचारून त्याचे कारणही सांगितले का, हे पाहावे. कबनूरसाठी ही कसोटी पुरेशी आहे.