अंगावरचे पुरळ, ओठावरचे फोड
थांबायचे कधी आणि धावायचे कधी?

ऋतू बदलला की घराघरांत एक प्रसंग हमखास घडतो. लेकराला दोन दिवस ताप येतो, तिसऱ्या दिवशी पाठीवर, पोटावर ठिपके दिसतात आणि लगेच घरात सल्ल्यांची रांग लागते. दादी म्हणतात, "गोवर आहे, पाणी लावू नका, आत दबेल." शेजारच्या खाला म्हणतात, "उष्णता झाली असेल." मेडिकल दुकानवाला मुलाला न बघताच खाज थांबवणारी ट्यूब काढून देतो. सगळ्यांना काळजी असते, पण पुरळाकडे नीट बघितलेले कुणीच नसते.

या लेखात आम्ही एवढेच सांगणार आहोत, की विषाणूंमुळे येणारे बहुतेक पुरळ आपोआप जाते. त्याला औषधापेक्षा धीर लागतो. मात्र काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्यावर एक तासही घालवणे परवडत नाही. हा फरक ओळखायला डॉक्टर असण्याची गरज नाही. घरातील कोणतीही जागरूक आई, आजी किंवा वडील तो ओळखू शकतात.

आधी नीट बघा

पुरळ पाहून आजार वेगळा करण्याची विद्या जुनी आहे आणि तिच्यात मुस्लिम वैद्यांचा मोठा वाटा आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी रय शहरातील हकीम अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर या दोन आजारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. दोन्हींत ताप येतो, दोन्हींत अंगावर उठते. तरीही पाठदुखी देवीत जास्त, मळमळ आणि बेचैनी गोवरात जास्त, अशी लक्षणे त्यांनी रुग्णांचे निरीक्षण करून नोंदवली. देवीचा रोग आता जगातून गेला. पण राझींची पद्धत आजही कामाची आहे. तीच धरून स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला, ताप आधी आला की पुरळ? दुसरा, पुरळ कुठून सुरू झाले आणि कुठे पसरले? तिसरा, ते सपाट आहे, उंचावलेले आहे की पाणी भरलेले? चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, मूल खेळते-पिते आहे की मलूल पडून आहे?

पुस्तकांत आणि मोबाइलवर दिसणारी पुरळाची चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या मुलांच्या अंगावर लाली तितकी उठून दिसत नाही. म्हणून मुलाला दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ घेऊन बघावे आणि हात फिरवून खरखर लागते का तेही पाहावे.

कोणते पुरळ कशाचे?

गोवर: सुरुवात जोरदार ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लालभडक डोळ्यांनी होते. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू शकतात. तीन-चार दिवसांनी पुरळ कानामागून, केसांच्या कडेपासून सुरू होते आणि चेहऱ्यावरून खाली पायांपर्यंत उतरत जाते. पुरळ येण्याआधी ४ दिवस आणि आल्यानंतर ४ दिवस रुग्णापासून इतरांना लागण होते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत २ तासांपर्यंत राहू शकतो.

कांजिण्या: पाणी भरलेले, खाजणारे फोड येतात. एकाच वेळी अंगावर नवे ठिपके, भरलेले फोड आणि वाळलेल्या खपल्या असे तिन्ही दिसते, हीच तिची ओळख. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत किंवा मदरशात पाठवू नये. रुग्णाच्या संपर्कात आल्यापासून १० ते २१ दिवसांत दुसऱ्याला फोड येऊ शकतात. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात नाही, खासगी दवाखान्यात मिळते.

हात-पाय-तोंडाचा आजार: पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त दिसतो. तळहात, तळपाय आणि कधी ढुंगणावर बारीक फोड येतात, तोंडात व्रण पडतात. मूल जेवायला मागत नाही कारण गिळताना दुखते. आठवडा-दहा दिवसांत बहुतेक मुले बरी होतात.

तान्ह्या मुलांचे 'ताप गेल्यावरचे' पुरळ: सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस खूप ताप येतो. ताप उतरतो आणि त्यानंतर छाती-पाठीवर गुलाबी पुरळ उठते. घरचे पुरळ बघून घाबरतात, खरे तर तोवर आजार सरत आलेला असतो.

डेंग्यू: अंगदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणे आणि सगळीकडे लालसर झालेल्या त्वचेत मधेमधे पांढरी बेटे. इथे पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे या खुणा धोक्याच्या आहेत. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपण्याचे असतात.

नागीण: लहानपणी कांजिण्या होऊन गेलेल्या माणसाच्या शरीरात तोच विषाणू दबून असतो आणि उतारवयात अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे, आग होणारे फोड उठवतो. दोन्ही टोके मिळाली की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. पण औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर अधिक उपयोग होतो, म्हणून झाडफुकीत दिवस घालवू नयेत. दुआ जरूर करावी, सोबत त्याच दिवशी दवाखानाही गाठावा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

काचेचा स्वच्छ पेला पुरळावर दाबून बघा. डाग फिका पडला तर बहुधा चिंता नाही. दाबूनही तो लाल-जांभळा तसाच दिसत राहिला, तर त्वचेखाली रक्त उतरलेले असू शकते. तापासोबत असे दिसल्यास रात्र असो वा पहाट, सरळ मोठे हॉस्पिटल गाठावे.

याशिवाय मूल उठवूनही नीट जागे होत नसेल, मान ताठ झाली असेल, श्वास जोरात चालत असेल, छातीत खळगे पडत असतील, झटका आला असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, डोळ्यात किंवा डोळ्याजवळ फोड आले असतील, तर वाट बघू नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला कोणताही ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गरोदर स्त्रीचा गोवर, कांजिण्या किंवा रुबेलाच्या रुग्णाशी संबंध आला, तर तिला स्वतःला काही त्रास नसला तरी डॉक्टरांना सांगावे. सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला पोटातील बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि हृदयावर परिणाम करू शकतो.

घरी काय करावे, काय टाळावे

पाणी, ताक, भाताची पेज, शहाळे, थोडे-थोडे पण सारखे देत राहावे. आईचे दूध बंद करू नये. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. कांजिण्या किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेनही नको. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे उरलेले जुने सिरप पाजू नये.

आंघोळीने पुरळ 'आत दबत' नाही. कोमट पाण्याने आंघोळ घालावी, अंग हलके टिपावे, नखे कापावीत, सुती सैल कपडे घालावेत. खोली बंद करून अंधारात कोंडण्यापेक्षा हवा खेळती ठेवावी. गोवरात डॉक्टरांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात. त्याने डोळ्यांचे रक्षण होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुकानातून मिळणारी 'सगळ्या खाजेवर एकच' ट्यूब लावू नये. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस लाली कमी दिसते, पण विषाणूचे फोड आतून वाढू शकतात.

ओठावरचे फोड पुन्हा पुन्हा का?

आता दुसऱ्या दुखण्याकडे वळू. ताप आला, उन्हात फिरणे झाले, परीक्षा किंवा लग्नघराची दगदग झाली, की काहींच्या ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा घोस उठतो. कुणी म्हणते ताप बाहेर पडला, कुणी म्हणते झोपेत तोंडावरून कोळी गेला. खरे कारण हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात त्याचा पहिला प्रकार असतो. बहुतेकांना तो लहानपणी घरातल्याच कुणाच्या पाप्याने किंवा लाळेने लागतो. म्हणून नाव ऐकून कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवणे हा अडाणीपणाही आहे आणि अन्यायही.

पहिल्यांदा लागण होते तेव्हा काही मुलांना ताप येतो, हिरड्या सुजतात, तोंडभर व्रण पडतात, लाळ गळते. पुढे विषाणू मरत नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी तो झोपून राहतो आणि अंगातली ताकद कमी पडली की त्याच वाटेने ओठावर येतो. आधी एक-दोन दिवस मुंग्या येतात, चुणचुणते. मग फोड, मग फुटून ओली जखम, मग खपली. साधारण ७ ते १० दिवसांत सगळे बरे होते आणि वण राहत नाही.

औषध आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर या औषधाशी जोडलेल्या शास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली औषधशोधाच्या कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या औषधाचे मलम चुणचुण सुरू होताच दिवसातून पाच वेळा लावले तर एखाद-दुसरा दिवस वाचतो. फोड फुटल्यावर लावून फारसा फायदा नाही. ज्यांना वर्षातून बरेचदा त्रास होतो त्यांना डॉक्टर गोळ्या देतात. रमजान असेल तर तसे सांगावे. १२ तासांच्या अंतराने घ्यायच्या गोळ्याही मिळतात आणि त्या सहरी-इफ्तारच्या वेळांत बसवता येतात. आजारात रोजा पुढे कजा करण्याची सवलत आहेच.

चुना, टूथपेस्ट, गरम सळई यांनी जखम वाढते. फोड टोकरू नये. हात लागला तर साबणाने धुवावा आणि तोच हात डोळ्याला लावू नये, कारण हा विषाणू बुबुळावर व्रण पाडून नजर अधू करू शकतो. उन्हात जाताना ओठ झाकावेत. दोन आठवड्यांत फोड भरला नाही, तर तपासून घ्यावे.

एक ताट, एक पेला आणि नवजात बाळ

एका ताटात जेवणे, एका पेल्यातून पाणी पिणे ही आपल्या घरांची सुंदर रीत आहे. ओठावर ताजा फोड असेल तेवढे दिवस मात्र त्या माणसाने पेला, चमचा, टॉवेल आणि मिस्वाक वेगळी ठेवावी. खपली गळून त्वचा पूर्ण भरली की पुन्हा सगळ्यांसोबत बसावे.

खरा धोका आहे तो नवजात बाळाला. मोठ्यांच्या ओठावरचा क्षुल्लक फोड पहिल्या चार आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत पोहोचू शकतो आणि जीव घेऊ शकतो. बाळ जन्मले की घर आनंदाने भरून जाते, नातेवाईक पापे घेतात, कुणी बुजुर्ग खजूर चावून तहनीक करतात. ज्यांच्या ओठावर फोड आहे किंवा चुणचुण सुरू झाली आहे, त्यांनी या दिवसांत बाळाचा पापा घेऊ नये आणि तहनीकचा मान घरातल्या दुसऱ्या निरोगी व्यक्तीला द्यावा. यात प्रेम कमी होत नाही. थोरांना हे सांगताना सुनेला संकोच वाटतो, म्हणून हे बोलण्याची जबाबदारी बाळाच्या वडिलांनी घ्यावी.

आईच्या ओठावर फोड आला तरी तिने दूध पाजणे थांबवू नये. हात धुवावेत, तोंडाला मास्क लावावा, पापा घेऊ नये. फक्त स्तनावर फोड असतील तर त्या बाजूने पाजू नये आणि डॉक्टरांना विचारावे. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, अंगावर पाण्याचा एखादा फोड दिसला, तर ती तातडी समजावी आणि "घरात ओठावर फोड कुणाला होता" हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

लसीचे कार्ड काढून बघा

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला. लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांच्या लसीच्या मात्रा कोरोनाच्या काळात राहून गेल्या होत्या, काही घरांनी लस नाकारलीही होती. ही आपलीच मोहल्ले आणि आपलीच मुले होती. गोवर गेल्यानंतरही कित्येक आठवडे मुलाची इतर रोगांशी लढण्याची शक्ती खालावलेली असते, हे ध्यानात घेतले तर "गोवर सगळ्यांनाच येतो" असे कुणी सहज म्हणणार नाही.

गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत, सरकारी केंद्रावर मोफत मिळते. राहून गेली असेल तर उशिराही देता येते. टीका दिल्यावर एखादा दिवस ताप येतो म्हणून दुसरी मात्रा चुकवू नये. आज रात्री जेवण झाले की कपाटातील कागदांतून मुलांची कार्डे काढा आणि दोन्ही रकान्यांत तारीख आहे का ते बघा. एक रकाना रिकामा असेल, तर उद्या सकाळी आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.