पेशीतली भट्टी आणि तिची डागडुजी



लोखंडाला गंज चढतो हे कारखान्यात राबलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. ज्या हवेवाचून भट्टी पेटत नाही, तीच हवा भट्टीचा पत्राही खात असते. आपल्या देहाचा व्यवहार याहून वेगळा नाही. फरक एवढाच, की कारखान्यातली भट्टी थंड करून दुरुस्त करता येते. देहातली भट्टी एक पाळीही बंद ठेवता येत नाही. चालत्या भट्टीची ही डागडुजी कशी होते, तेवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

देहातल्या बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन तेथे हातोहात पुढे जातात आणि अखेरीस प्राणवायूला मिळून पाणी होते. त्या ओघात जी शक्ती हाती लागते तिच्यावर आपले हातपाय चालतात. पण हातोहात माल नेताना थोडी सांडलवंड व्हायचीच. काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून प्राणवायूला चिकटतात आणि त्यातून, सापडेल त्याला झोंबणारे पदार्थ निर्माण होतात.

या भट्टीला लागूनच तिचा एक स्वतःचा नकाशा ठेवलेला असतो. तंतुकणिकेत डीएनए आहे हे 1963 साली स्टॉकहोम येथे मार्गिट व सिल्व्हन नास यांनी दाखवले. 1981 साली केंब्रिजमध्ये माणसाच्या या डीएनएची सारी अक्षरे वाचून झाली: 16,569 जोड्यांचे एक वर्तुळ, त्यात 37 जनुके. चार अक्षरांच्या या लिपीत ग्वानीन नेहमी सायटोसीनशी जोडी करते आणि ॲडेनीन थायमीनशी. चौघांत ग्वानीनला हा गंज सर्वांत लवकर चढतो. गंजलेले ग्वानीन सायटोसीनऐवजी ॲडेनीनशीही जोडी जमवते. नक्कल उतरवताना ही चूक राहिली, तर पुढच्या नकलेत ग्वानीनच्या जागी थायमीन बसते आणि चूक कायमची होते.

म्हणून दुरुस्ती नकलेच्या आधी व्हावी लागते. प्रथम ओजीजी-वन नावाचे विकर गंजलेले अक्षर हुडकून उपटून काढते. दुसरे विकर रिकाम्या जागेचा धागा कापून टोक साफ करते. पॉलिमरेज-गॅमा समोरचे अक्षर पाहून योग्य अक्षर भरते आणि शेवटी लायगेज सांधा जुळवते. कुठे ॲडेनीन चुकून आधीच बसले असेल, तर ते उपटणारे विकरही निराळे आहे. बिघडलेले अक्षर उपटणारे पहिले विकर टोमास लिंडाल यांनी 1974 साली जीवाणूत शोधले. 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. गंमत अशी, की त्याच 1974 साली अतिनील किरणांनी झालेली इजा तंतुकणिकेत दुरुस्त होत नाही असे आढळले, आणि तिथे दुरुस्तीच नाही असा समज पुष्कळ वर्षे टिकला. वस्तुतः त्या एका इजेची दुरुस्ती तिथे नाही, गंजाची आहे.

या दुरुस्तीची विकरे तंतुकणिकेच्या नकाशात लिहिलेलीच नाहीत. त्यातून तेरा प्रथिने तयार होतात, ती सारी शक्तिनिर्मितीच्या यंत्रणेची. दुरुस्तीचे कारागीर पेशीच्या केंद्रकातल्या हुकमानुसार बाहेर घडतात आणि मग आत पाठवले जातात. धागा दोन्ही बाजूंनी तुटला, तर बहुधा सांधण्याऐवजी ती प्रतच मोडीत काढतात. एका पेशीत शेकडो ते हजारो प्रती असल्यामुळे हे परवडते. पुरती निकामी झालेली तंतुकणिका पेशी स्वतःच पचवून टाकते.

आता या ज्ञानाचा जो बाजार झाला आहे त्याविषयी. प्राणवायूपासून उपजणाऱ्या या झोंबऱ्या पदार्थांमुळे म्हातारपण येते, हा विचार डेनहॅम हारमन यांनी 1956 साली मांडला आणि 1972 साली त्याचा रोख तंतुकणिकांकडे वळवला. यावरून काहींनी सोपा निष्कर्ष काढला: गंज मारणारी गोळी घ्या, तरुण राहा. पण 2004 साली स्वीडनमध्ये ज्या उंदरांच्या पॉलिमरेज-गॅमामधली चूक तपासण्याची शक्ती काढून टाकली होती, ते अकाली म्हातारे झाले. आणि त्यांच्यात गंज फारसा वाढलेला मात्र आढळला नाही. म्हणजे नक्कल बिनचूक उतरणे हाही मोठा प्रश्न आहे, आणि तो गोळीने सुटत नाही.

अमेरिकेत 18,314 लोकांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांत धूम्रपान करणारे होते, तसे ॲसबेस्टॉसच्या धुळीत काम केलेले कामगारही होते. चाचणी तंतुकणिकांची नव्हती, फुप्फुसाच्या कर्करोगाची होती. पण गोळी मात्र याच जातीची, बीटा-कॅरोटीन आणि जीवनसत्त्व अ. जानेवारी 1996 मध्ये ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग 28 टक्क्यांनी अधिक निघाला.

कामगारांत आयुष्य घालवलेल्या आम्हाला ही हकीकत विसरता येत नाही. धूळ हटवणे हे मालकाचे काम आहे. ते गोळीवर सोपवता येत नाही. पेशी आपले कारागीर आपण घडवते आणि त्यांना वेळेवर कामावर पाठवते. आपण त्यांच्यावर धूर आणि धूळ यांचा जादा बोजा टाकू नये, हे आपल्या हातचे आहे. आणखी एक ध्यानात ठेवावे: पेशीला बिघडलेली प्रत मोडीत काढणे परवडते, कारण तिच्याजवळ हजार प्रती असतात. माणसाची प्रत एकच असते.